कोपरा नसलेली जाळी

शंभू कोळपेच्या दहाव्याला नदीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती आणि माइक रिकामा राहत नव्हता. आपल्या भागात दहाव्याला भाषणं झाली नाहीत तर माणूस नीट गेला असं कुणाला वाटतच नाही. सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सरपंच बोलले, कंपनीचे मॅनेजर बोलले. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, की शंभूनं शून्यातून विश्व उभं केलं. मग शंभूला जन्मात कधी न भेटलेला एक पुढारी उठला आणि गळा काढून म्हणाला, "ज्याच्या घरात काही म्हणजे काही नव्हतं, अशा मेंढपाळाच्या पोरानं..."

बायकांमध्ये बसलेल्या रश्मीच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या नवऱ्याच्या घरात काही नव्हतं? अरे, शिवार भरून मेंढरं होती. घोडी होती, कुत्री होती, ओढ्यापल्याड ऐकू जाईल असा सासऱ्यांचा आवाज होता. आणि पाठीशी थोरला भाऊ होता. ज्याला असा भाऊ आहे त्याचं शून्य कसलं? उठावं आणि त्या पुढाऱ्याच्या हातातला माइक हिसकावून घ्यावा, असं तिला फार वाटलं. घेतला नाही, एवढंच.

तो थोरला भाऊ, तात्याबा, घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर घोंगडी टाकून एकटा बसला होता. त्यानं भाषण केलं नाही आणि त्याला कुणी करायलाही सांगितलं नाही. माणसं पांगायला लागली तशी रश्मी चहाचा कप घेऊन त्याच्याकडे निघाली. तो शेजारच्या पाहुण्याशी बोलत होता.

"महिन्याचं व्हायच्या आत मेंढरं मोडायची. पोपटशेठला शबुद दिलाय. यवतच्या बाजाराला टेम्पो लावतो म्हनलाय."

"समदी?" पाहुण्यानं विचारलं.

"समदी. वाघ ऱ्हाऊ दीना, आन् राखनारा बी म्हातारा झाला."

रश्मीनं ते ऐकलं. मेंढरं मोडायची म्हणजे कळप कायमचा विकून टाकायचा. शंभूनं उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीचा धसका घेतला होता आणि ती ही होती. तिच्यासाठी त्यानं शेवटची काही वर्षं रविवार रविवार मानला नव्हता. त्या सगळ्या रविवारांचं काम न्हावऱ्याच्या घरामागं ताडपत्रीखाली पडून होतं आणि ज्याच्यासाठी ते केलं त्यानं ते डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. रश्मीनं तिथंच मनाशी ठरवलं, की महिन्याच्या आत तात्याबाला ते वापरायला लावायचं. नाही लावलं तर आपण यवतची लेक नाही.

आता ते काय होतं, हे सांगायचं तर आधी दोघा भावांचं सांगायला हवं.

कोळप्यांचा कळप शिरूर आणि दौंडच्या शिवारातून वर्षभर फिरायचा. कांदा निघाला की शेतकरी बोलावून घ्यायचे, मेंढरं रानात बसवायचे, खत मिळायचं. संध्याकाळी मेंढरांभोवती वाघर लागायची. वाघर म्हणजे सुती दोऱ्याची जाळी, काठ्यांवर ताणून गोल लावायची. तात्याबा आणि शंभू त्या वाघरीशेजारीच वाढले. कळप ज्या गावात, त्या गावच्या शाळेत पोरं जाऊन बसायची आणि कळप हलला की शाळाही हलायची. त्यामुळे शंभूला पुष्कळ गुरुजी लाभले आणि छड्याही पुष्कळ गावच्या.

निमोण्यात शंकरराव गुरुजी भेटले. कळप ज्याच्या रानात बसला होता त्याच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन रुसून बसलं होतं. मोठी माणसं हँडल मारून दमली. शंभूनं इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "ह्याच्या घशात कायतरी अडाकलंय." मेंढराच्या घशात बोट घालून अडकलेला पाला काढतात हे त्याला माहीत होतं. त्यानं नळी सोडली, तोंडानं ओढून थुंकला, कचऱ्याचा बोळा बाहेर आला आणि इंजिन धडधडायला लागलं. गुरुजी बांधावर उभे राहून बघत होते. ते तडक शंभूच्या बापाकडे गेले आणि म्हणाले, हे पोर माझ्या घरी ठेवा, मी शिकवतो.

बापानं कपाळाला हात लावला. म्हातारपण दारात आलेलं, कळप मोठा, दोन्ही पोरं हाताशी हवीत. तेव्हा मिसरूडही न फुटलेला तात्याबा पुढं झाला आणि म्हणाला, "ह्यो शिकंल. मी राखतो." त्यानंतर त्या घरात ह्या विषयावर कधी बैठक बसली नाही. शंभूला ते वाक्य जन्मभर पुरलं. परीक्षेच्या दिवशी, नोकरीच्या पहिल्या दिवशी, लेक प्रगती जन्मली त्या दिवशी त्याला ते आठवलं आणि रश्मीला तर तो ते पुन्हा पुन्हा सांगायचा. ती म्हणायची, "पाठ झालंय मला." तरी सांगायचा.

गुरुजींच्या घरी राहून तो दहावी झाला, पुण्यात डिप्लोमा झाला आणि पुढं नोकरी करत करत डिग्रीही पदरात पाडून घेतली. रश्मीला बघायला यवतला आला तो इंजिनिअर होऊनच. हायवेला तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, मागं घर. पोह्यांची बशी हातात आली आणि परसातली पाण्याची मोटार कण्हायला लागली. पाहुण्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शंभूनं बशी खाली ठेवली, "आलोच" म्हणाला आणि गेला तो बराच वेळ आलाच नाही. रश्मीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर नवा कोरा पांढरा शर्ट ग्रीसनं माखलेला आणि माणूस खुशीत. रिवाइंडिंगवाल्याच्या पोरीला आणखी काय हवं होतं? तिनं तिथल्या तिथं होकार दिला. तसले शर्ट धुण्यात पुढं जन्म जाणार आहे, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

कंपनी रांजणगावला. बरोबरीच्या इंजिनिअरांनी पुण्यात फ्लॅट घेतले. शंभूनं न्हावऱ्यातच घर बांधलं, कारण कळपाचा रस्ता न्हावऱ्यावरून जातो. रश्मी शिक्षिका, तिची सकाळची शाळा असायची, म्हणून प्रगतीची वेणी तोच घालायचा आणि ती घोड्याच्या दाव्यासारखी घट्ट वळायचा. पोरगी केस धरून रडायची, पण संध्याकाळपर्यंत एक बट सुटायची नाही. प्रगती पुढं त्याच्यासारखीच मेकॅनिकलला गेली. सुट्टीत बाप-लेक घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग करत बसायचे आणि जेवायला हाका मारून रश्मीचा घसा बसायचा.

कंपनीत त्याचं नाव झालं ते मात्र मशिनींपायी नाही, हाळीपायी. मेंढपाळाच्या प्रत्येक घराची स्वतःची हाळी असते. आधी लांब 'हुर्रर्र', मग जिभेचा टाळूवर टकटक आवाज आणि शेवटी चढत जाणारा 'योऽऽ', ही कोळप्यांची. दुसऱ्याच्या हाळीला मेंढरू मान वळवत नाही आणि आपल्या हाळीला चरणं सोडून येतं. शॉप फ्लोअरवरच्या कल्लोळात साहेबाचा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही, म्हणून शंभूनं एक दिवस सरळ बापाची हाळी घातली. सगळं डिपार्टमेंट वळून बघायला लागलं. महिनाभरात गोरखपूर, छपरा, लातूर, जिथून जिथून म्हणून माणूस आला होता तो त्या हाळीला जमायला लागला. नव्या मॅनेजरांनी नाकं मुरडली. पण मीटिंगला माणसं वेळेवर येताहेत म्हटल्यावर तेही गप्प बसले.

मग पेंट शॉपला आग लागली. सगळी माणसं गेटबाहेर मैदानात आली, धुराचा लोट, रडारड. सिक्युरिटीवाला नावं पुकारत होता आणि गोंधळात तीच नावं पुन्हा पुकारत होता. शंभूनं हाळी घातली. माणसं समोर गोळा झाली. त्यानं मोजलं नाही. मेंढपाळ कळप कधी मोजत नाही, तो तोंडं बघतो. जे नाही ते त्याला दिसतं. शंभूनं एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "विक्रम नाहीये." गोरखपूरचा नवा वेल्डर, कामाला लागून आठवडा झाला नसेल. कुणी अडवायच्या आत शंभू ओला टॉवेल तोंडाला बांधून आत गेला आणि स्टोअरच्या दाराशी बेशुद्ध पडलेल्या विक्रमला खांद्यावर टाकून बाहेर आला. आजारी मेंढरू खांद्यावर टाकतात तसंच, चारी पाय पुढं घेऊन. त्या विक्रमला पुढं फोरमन केला तोही शंभूनंच. आता तो मराठी बोलतो, पण घाबरला की हिंदीत जातो.

एवढं सगळं छान चाललेलं असताना बिबटे आले. मेंढपाळ त्यांनाच वाघ म्हणतात. ऊस वाढला तसे तेही वाढले. मेंढरं जायला लागली, कुत्री जायला लागली. सुती वाघर बिबट्याला काय अडवणार? शंभूची झोप उडाली. भाऊ राखतो म्हणाला होता आणि आता भावाच्या राखणीतलं जनावर रोज कमी होत होतं. त्यानं कंपनीतून आला की शेड गाठायचा धडाका लावला आणि घडीची लोखंडी जाळी बनवली. पिकअपमध्ये आडवी मावेल, दोन माणसं उभी करतील, अशी. चांगली भक्कम, उंच, चौकोनी.

चौकोनी. इथंच घोटाळा झाला.

पहिल्याच संध्याकाळी कुत्री कशावर तरी भुंकली. बिबट्याचा पत्ताही नव्हता. मेंढरं बुजली आणि बुजलेलं मेंढरू पळतं ते पुढच्याच्या मागं. पुढचं कोपऱ्यात गेलं, मागची त्याच्यावर, त्याच्यावर आणखी. तात्याबानं आणि त्याच्या बायकोनं, कुशाबाईनं, जाळी सोडेपर्यंत खालची गुदमरून गेली होती. गाभण मेंढ्या होत्या त्यांत.

निरोप मिळताच शंभू धावत गेला. वाघर गोल का असते हे त्याला काय माहीत नव्हतं? तो जन्मला वाघरीच्या काठाला. पण इतकी वर्षं पत्र्याच्या छपराखाली रॅक आणि पॅलेट बघून बघून हाताला चौकोनाचीच सवय झाली होती. तो मेलेल्या मेंढरांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, मी कोपरा ठेवला. मी, आपल्या बाचा पोरगा असून, कोपरा ठेवला."

तात्याबानं त्याच्याकडे बघितलंही नाही. "जाऊ द्या, साहेब," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून तो धाकट्या भावाला साहेब म्हणायला लागला. दिवाळीला साहेब, लग्नकार्यात साहेब, चारचौघांत साहेब. शंभूला कुणी कंपनीत साहेब म्हटलं तर तो हसायचा. भावानं म्हटलं की ताटावरून उठून जायचा. रश्मीनं हे ताटावर बसून बघितलं होतं आणि ते ती कधीच विसरणार नव्हती.

पण शंभू बसून राहणारा नव्हता. तो पुन्हा शेडमध्ये गेला. आता रविवारी विक्रमही मोटरसायकलवर यायचा, प्रगती असायची. त्यांनी जाळीच्या प्रत्येक लोखंडी फळीला बाक दिला, म्हणजे सगळ्या जोडल्या की आपोआप गोल व्हाव्यात. वरचं टोक बाहेर झुकवलं आणि त्यावर सैल जाळी सोडली, पंजा टाकला की खाली झुलणारी. मांजराच्या जातीला झुलत्या वस्तूवर भरवसा नसतो, हे शंभूचं निरीक्षण. काम पुरं झालं त्या दिवशी त्यानं आत उभं राहून पोरासारख्या गोल चकरा मारल्या आणि रश्मीलाही हाताला धरून मारायला लावल्या. तात्याबाला निरोप गेला. तो आला नाही. पुन्हा गेला, पुन्हा आला नाही. आणि मग एका सकाळी चहा पिता पिता शंभूनं छातीवर हात ठेवला आणि कप तसाच राहिला. जाळी ताडपत्रीखाली गेली ती तेव्हा.

महिन्याचा विधी दोन दिवसांवर आला तेव्हा रश्मीनं विक्रमला फोन लावला. "पिकअप घेऊन ये," म्हणाली. तो "कुठं?" असंही विचारत बसला नाही, सुट्टी टाकून आला. प्रगतीनं फळ्या चढवल्या. तात्याबाचा कळप तेव्हा निमोण्याला कांदा निघालेल्या एका रानात बसला होता, तीन बाजूंना उभा ऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटशेठचा टेम्पो येणार होता, म्हणजे हातात होती ती एकच संध्याकाळ.

पिकअपमधून जाळी उतरताना पाहून तात्याबा उठला. बांधावर जाऊन बसला. कुशाबाई मात्र चूल सोडून आली, रश्मीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लाव गं बाई, लाव. ह्येंच्याकडं बगू नगंस."

जाळी उभी राहिली. मावळतीच्या उन्हात चकचकीत, गोल, गुळगुळीत. आणि एकही मेंढरू आत जाईना. पुढं चालणारा म्होरक्या बोकड दारापर्यंत यायचा, लोखंडाचा आणि रंगाचा वास घ्यायचा, फुरफुरायचा आणि मागं वळायचा. त्याच्या मागं अख्खा कळप वळायचा. प्रगतीनं ओढून बघितलं, विक्रमनं ढकलून बघितलं. दोघं घामाघूम झाली.

"मेंढराला कळतं," बांधावरून तात्याबा म्हणाला. "साहेबाच्या जाळीत एकदा गेली व्हती ती."

रश्मी ताडकन तात्याबाकडे वळली. शाळेत वर्ग चिडीचूप करणारा तिचा आवाज निमोण्याच्या त्या रानात घुमला.

"आबा, ते चुकले. मोठी चूक केली. पण चुकलो म्हणून तुमच्यासमोर उभे राहून सांगितलं ना त्यांनी? तुम्ही काय केलंत? साहेब म्हणून त्यांना परकं केलंत. तुमच्या त्या एका शब्दापायी माझा माणूस अर्ध्या ताटावरून उठायचा. चूक दुरुस्त केली ती बघायलासुद्धा तुम्ही आला नाहीत. आता मेंढरं विकायचीत तर विका. पण त्यांनी काय केलंय ते आधी बघा!"

 तात्याबा मान खाली घालून मातीत काडीनं रेघा ओढत राहिला. आणि या सगळ्या गडबडीत कळपाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. बोकड उसाच्या दिशेनं निघाला होता आणि मेंढरं त्याच्या मागं. संध्याकाळच्या वेळी उसात म्हणजे बिबट्याच्या ताटात.

"अरे, वो जा रहे हैं!" विक्रम ओरडला. आणि मग, कंपनीत माणसं भलतीकडे निघाली की तो जे करायचा तेच त्यानं काही विचार न करता केलं. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी घातली. लांब 'हुर्रर्र', टाळूवर टकटक, चढत जाणारा 'योऽऽ'.

कळप जागच्या जागी थांबला. बोकडानं मान वळवली. मग सगळी तोंडं वळली आणि मेंढरं विक्रमकडे चालत यायला लागली.

तात्याबा उभा राहिला होता. त्याच्या हातातली काडी गळून पडली होती.

"ही आमच्या बाची हाळी हाय," तो विक्रमला म्हणाला. "तू कुठनं शिकला?"

"साहेबांकडनं, आबा," विक्रम चाचरत म्हणाला. "कंपनीत रोज घालायचे ते. सगळ्यांना येते, अख्ख्या डिपार्टमेंटला. मैं तो... मला वाटलं, सगळीकडं अशीच घालतात."

"कंपनीत?" तात्याबानं रश्मीकडं बघितलं. "शंभू कंपनीत बाची हाळी घालायचा?"

"नोकरीला लागल्यापासून," रश्मी म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत?"

तात्याबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. भाऊ शिकला म्हणजे सुटला, मेंढरं विसरला, बा विसरला, असंच त्यानं इतकी वर्षं धरलं होतं. साहेब हा शब्द त्यातूनच आला होता. मेलेल्या मेंढरांनी त्याला निमित्त दिलं होतं इतकंच. आणि इथं गोरखपूरचा एक माणूस त्याच्या बापाचा आवाज काढून उभा होता. तात्याबाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मग कुशाबाईला म्हणाला, "वाघर आन."

तिनं जुनी वाघर आणली. वर्षानुवर्षांची लोकर, लेंड्या आणि धूर मुरलेली ती सुती जाळी तात्याबानं लोखंडी जाळीच्या आतून बांधत नेली. दुसऱ्या टोकाला प्रगती बांधत होती. मध्येच त्यानं फळीचा बाक हातानं चाचपला, तळहात लावून पुढंपर्यंत गेला आणि परत आला.

"कुटंच कोपरा न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला.

वाघर लागली तसा बोकड दाराशी आला, वास घेतला आणि आपल्या घरात शिरावा तसा आत गेला. मागून सगळा कळप.

रश्मी, प्रगती आणि विक्रम त्या रात्री तळावरच राहिले. तांबडं फुटायच्या सुमाराला कुत्री पिसाळल्यासारखी भुंकायला लागली. सगळे उठून बसले. बॅटरीच्या झोतात जाळीपलीकडे दोन डोळे चमकले. बिबट्या उसातून आला, न बिचकता जाळीपाशी पोचला आणि मागच्या पायांवर उभा राहून पंजे टाकले. वरची सैल जाळी त्याच्या वजनानं खाली झुलली. त्यानं पंजे काढले. पुन्हा उडी घेतली, पुन्हा ती झुलली. तो गुरगुरला आणि जाळीभोवती फिरायला लागला. आत मेंढरं उधळली होती.  मागच्या वेळी वाघ नसताना झालं, आता तर तो दारात होता. प्रगतीनं आईचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

मेंढरं पळाली. पुढचीच्या मागं मागची, तिच्या मागं आणखी. पण अडकायला कुठं काही नव्हतंच. कळप गोल फिरत राहिला, जात्यातलं पीठ फिरावं तसा, आणि फिरता फिरता हळूहळू मंदावला. बाहेर बिबट्या फिरत होता, आत मेंढरं, मध्ये शंभूचं लोखंड आणि बापाची वाघर. शेवटी बिबट्यानं शेपटी आपटली आणि आल्या वाटेनं उसात निघून गेला. कुशाबाईनं त्याला मागून जी शिवी हासडली ती छापता येणार नाही.

उजाडल्यावर तात्याबानं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. मेंढरं एकेक करून बाहेर यायला लागली. रश्मी त्याच्या ओठांकडं बघत होती. ओठ हलत नव्हते. तो मोजत नव्हता, तोंडं बघत होता. गेटबाहेरच्या मैदानात तिचा नवरा असाच उभा राहिला असणार, हे तिला तेव्हा कळलं. सगळ्यांत शेवटी एक लंगडी मेंढी आली. तात्याबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"समदी हायती," तो म्हणाला.

तेवढ्यात बांधाच्या कडेला टेम्पो येऊन थांबला. पोपटशेठ खाली उतरले, जाळीकडे बघून चमकले आणि म्हणाले, "चला तात्याबा, भरायची का? बाजार गाठायचाय."

"च्या घ्या, शेठ," तात्याबा म्हणाला. "मेंढरं न्हाई द्यायची."

"का? दुसरं गिऱ्हाईक आलं व्हय?"

"गिऱ्हाईक न्हाई. भावानं जाळी करून ठिवलीया. रातच्याला वाघ आला व्हता, हात हलवत गेला."

पोपटशेठ जाळीला फेरी मारून आले. त्यांनी फळी वाजवून बघितली, वरची झुलती जाळी हलवून बघितली. "लई डोकं लावलंय," ते म्हणाले. "साहेबांनी केली म्हना की."

"कोन साहेब?" तात्याबा गरजला. टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा दचकला. "कोन साहेब, आं? माझा भाव हाय त्यो! शंभ्या! शिक म्हनलं व्हतं त्याला, राखतो मी म्हनलं व्हतं. शिकला तर शिकला, आन् गेल्यावर बी माझी मेंढरं राखून ऱ्हायलाय. हाय का आसा कुनाचा भाव? दावा!"

शंभ्या हे नाव रश्मीनं चौकोनी जाळीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच ऐकलं. दहाव्याला घाटावर इतकी भाषणं झाली, त्यांतलं एकही तिच्या काळजाला लागलं नव्हतं. हे लागलं. ती तिथं ढेकळांतच बसली आणि हसता हसता रडायला लागली.

तात्याबा प्रगतीकडे वळला. "तुला येतीया का गं अशी करायला?"

"येते, आबा. यातल्या निम्म्या फळ्या मीच वेल्ड केल्यात."

"मंग आजून लागतील. इनामगावच्या पाव्हन्याला लागंल, पारगावच्या तळाला लागंल. कवा करतीस?"

"येत्या रविवारपासून," प्रगती म्हणाली. विक्रमनं लगेच हात वर केला, त्याचाही रविवार मोकळा होता.

पोपटशेठनी कुशाबाईचा चहा घेतला, बाजार बुडाला म्हणून थोडी कुरकुर केली आणि टेम्पोत बसले. तात्याबानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि बापाची हाळी घातली. कळप मान वर करून त्याच्याकडे निघाला आणि रिकामा टेम्पो खडखडत यवतच्या रस्त्याला लागला.